सोळा आणे संगणक

वऱ्हाडातील मनुष्य स्वभावतः उदार असला, दारी आलेल्या पाहुण्याला भाकर आणि ठेचा वाढताना भाकरींची मोजदाद करण्याचा क्षुद्रपणा त्याच्या हातून कधी घडत नसला, तरी जी वस्तू त्याने रोख पैसे टाकून घेतली ती मापाला छटाकभर जरी उणी भरली तरी ते त्याला खपत नाही. आणि बुलढाणा जिल्ह्यात, मेहकराहून मालेगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या डोणगावात, जेथे कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या वजनावरून निघालेले तंटे शेतजमिनीच्या जोडीने वारसाहक्काने चालत येतात, तेथे हा गुण विशेषच तेजाने तळपतो. अशा गावच्या एका मोबाईलच्या दुकानात, वेष्टनावर '६४ जीबी' अशी ठसठशीत ग्वाही मिरवणारा पेनड्राइव्ह दुकानातल्याच संगणकाला जोडल्यावर पडद्यावर ५९.६ हा आकडा उमटावा, आणि तो उमटताना नेमके एक पंच्याऐंशी उलटलेले, उभी हयात अडत्याच्या गादीवर रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्यात घालवलेले मुनीम आपल्या नातीच्या लग्नाचे फोटो साठवण्याच्या इराद्याने समोर उभे असावेत, हा योग दुकानदाराच्या पत्रिकेतील कोणत्या ग्रहाने जुळवून आणला ते सांगता येत नाही.

"काऊन रे बाबू," मुनीम म्हणाले, "चौसष्टातले साडेचार कोठी गेले?"

"आबा, कंपनीच तसं मोजते. सगळ्याईचेच असे भरतात."

"मंग कंपनीचा काटा तपासाले कोनी येत नाही काय?"

या प्रश्नाला त्या मुलापाशी उत्तर नव्हते. मुनिमांनी मात्र उत्तराची वाट न पाहता, पेनड्राइव्हची किंमत चारशे रुपये असेल तर भरलेल्या मालाच्या प्रमाणात आपले देणे तीनशे साडेबहात्तर होते, असा हिशेब तोंडी करून टाकला. मुलाने तोच हिशेब फोनवर ताडून पाहिला आणि तो बरोबर निघाल्यामुळे त्याचा चेहरा अधिकच उतरला.

माझ्यासारख्या त्रयस्थाने निवाडा द्यायचा तर असा द्यावा लागेल की कंपनी, मुलगा, संगणक आणि मुनीम हे चारही पक्षकार आपापल्या जागी सचोटीचे आहेत. पेनड्राइव्ह बनवणारा कारखानदार एक जीबी म्हणजे नेमके शंभर कोटी बाईट धरतो. संगणकावरची विंडोज प्रणाली मात्र १०२४ बाईटांचा एक केबी, १०२४ केबींचा एक एमबी आणि १०२४ एमबींचा एक जीबी असे चढत जाते, त्यामुळे तिचा जीबी १०७ कोटी ३७ लाखांच्या वर जातो आणि कारखानदाराचे चौसष्ट तिच्या काट्यावर ५९.६ भरतात. माल तेवढाच, शेर निराळे. मोठ्या मापात ही तफावत आणखी वाढते, इतकी की एक हजार जीबींची म्हणून घेतलेली हार्ड डिस्क याच काट्यावर ९३१ दाखवते. अमेरिकेत या फरकापायी ग्राहक कोर्टात गेले, आणि सीगेट या कंपनीने २००७ साली तडजोड करून किमतीच्या पाच टक्के परतावा किंवा त्याऐवजी एक फुकट सॉफ्टवेअर देऊ केले. मुनिमांनी तोंडी मागितलेली सूट जवळजवळ सात टक्क्यांची होती, हे अमेरिकन वकिलांनी ध्यानात घ्यावे. तत्पूर्वी १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ च्या मापांना किबिबाईट, मेबिबाईट, गिबिबाईट अशी स्वतंत्र नावे देऊन हा घोळ कायमचा मिटवण्याचा हुकूम काढला होता. पण ही नावे ऐकताच त्वचारोगाचा संशय येतो म्हणून म्हणा किंवा सवयीच्या जोरावर म्हणा, बाजाराने तो हुकूम दप्तरी दाखल करून घेतला आणि पूर्ववत व्यवहार चालू ठेवला.

वास्तविक या प्रांताला एकाच नावाच्या दोन मापांचे नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक, तरी दोघेही मणच. रुईची खंडी आजही कापसाच्या बाजारात ७८४ पौंडांची, म्हणजे ३५६ किलोंच्या आसपासची धरतात आणि धान्याच्या वीस मणी खंडीशी तिचे काहीएक नाते सांगत नाहीत. पण खरा दाखला सराफकट्ट्यावरचा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमांचा, आज सराफ ज्याला तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमांचा. म्हणजे तोळ्यामागे साधारण चौदा टक्के सोने दशमान पद्धतीच्या पोटात गडप झाले, आणि तरीही नातीच्या लग्नात पाच तोळ्यांची पोत घडवताना त्याच मुनिमांनी, सराफाचा दर काय तो विचारला असेल, त्याचा तोळा कोणता असे विचारल्याचे ऐकिवात नाही. जो मनुष्य सोन्यातली चौदा टक्के घट निमूटपणे गिळतो तोच पेनड्राइव्हमधील सात टक्क्यांसाठी वजनमापे निरीक्षकाला पाचारण करू पाहतो, यावरून मनुष्य मापाने चिडत नसून पडद्यावर उमटलेल्या आकड्याने चिडतो, असे अनुमान काढण्याचा मोह होतो.

आता हा १०२४ चा आकडा आला कोठून, हे समजण्यासाठी इंग्रजी ग्रंथ धुंडाळण्याची गरज नाही. मुनिमांच्या अडतीत भिंतीला टांगलेला जुना तराजू पुरे. शेराचे निम्मे अच्छेर, अच्छेराचे निम्मे पावशेर, पावशेराचे निम्मे नवटाक आणि नवटाकाचे निम्मे छटाक. छटाकांत मोजले तर अच्छेर आठ छटाक, पावशेर चार, नवटाक दोन आणि छटाक एक. ही चार वजने ज्याच्या पेटीत आहेत त्याला एक छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंतचा कोणताही माल तोलता येतो, आणि प्रत्येक वजनाच्या बाबतीत त्याला एकच निर्णय करावा लागतो: पारड्यात ठेवायचे की नाही. अकरा छटाक साखर हवी असेल तर अच्छेर ठेवले, पावशेर नाही, नवटाक ठेवले, छटाक ठेवले. 'ठेवले' याला एक आणि 'नाही' याला शून्य लिहिले की १०११ हा आकडा तयार होतो, आणि संगणक अकरा ही संख्या अगदी अशीच लिहितो. होय किंवा नाही असा हा एकेक निर्णय म्हणजे एक बिट, चार निर्णयांचा निबल, आठांचा बाईट. वजनांची पेटी जसजशी वाढवावी तसतशी मापाची कक्षा दर खेपेस दुप्पट होत जाते आणि दहावे वजन पेटीत पडताच ती १०२४ वर पोहोचते. हजाराच्या इतक्या निकट येऊन हा आकडा थांबला नसता, सातशे-आठशेवर किंवा दीड हजारावर गेला असता, तर कोणी त्याला किलो म्हणण्याचे धाडस केले नसते आणि डोणगावचा तंटाही उद्भवला नसता.

या शून्य-एकांच्या लांबलचक माळा माणसाला वाचवत नाहीत, म्हणून संगणकाच्या कारकुनांनी चार-चार बिटांची जुडी बांधून सोळाच्या पटीत मोजण्याची रीत पाडली. पण तेथे अशी अडचण आली की शून्य ते नऊ हे अंक वापरून झाल्यावर दहा ते पंधरा या सहा जागांसाठी अंकच उरेनात. तेव्हा रोमन लिपीतील ए, बी, सी, डी, ई, एफ या सहा अक्षरांची अंकांच्या हुद्द्यावर हंगामी नेमणूक करण्यात आली, आणि हंगामी नेमणुकांचा सर्वत्र जो परिणाम होतो तोच होऊन ती आज कायम नोकर होऊन बसली आहेत. अकरा छटाकांना हे लोक 'बी' म्हणतात. आमच्या मुनिमांनाही सोळाच्या आत मोजावे लागे, कारण रुपयाचे आणे सोळा. पण त्यांनी त्यासाठी कोणाची अक्षरे उसनी घेतली नाहीत. पाव रुपयाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन; त्यापुढे एका आण्याला एक आडवी रेघ, दोन आण्यांना दोन, तीन आण्यांना तीन. चार रुपये दहा आणे लिहायचे तर चारचा आकडा, पुढे दोन उभ्या रेघा, पुढे दोन आडव्या; काम संपले. अवघ्या सहा खुणांत पंधरा आण्यांपर्यंतचा सारा संसार. सहा तिकडे, सहा इकडे. फरक एवढाच की आमच्या सहांना वाचताना अर्थ दिसतो, आणि 'एफ' म्हणजे पंधरा हे मात्र पाठ करावे लागते.

आणि येथे इतिहासाने केलेली एक थट्टा नोंदवून ठेवण्यासारखी आहे. जगभरच्या लिप्यांना संगणकात क्रमांक वाटून देणाऱ्या युनिकोडच्या दप्तरात या पाव-अर्धा-पाऊण आणि आण्याच्या खुणा २००९ साली रीतसर दाखल झाल्या, तर आपल्या सरकारने मोठ्या समारंभाने निवडलेले रुपयाचे नवे चिन्ह त्याच दप्तरात २०१० साली पोहोचले. चलनातून हद्दपार होऊन अर्धशतक उलटलेला आणा संगणकात रुपयाच्या आधी एक वर्ष जाऊन बसला! याच दप्तरात डोणगाव या नावाचीही नोंद सापडते. ड, ओकाराची मात्रा, ण, ग, काना आणि व अशी त्याची सहा चिन्हे होतात, प्रत्येकाला साठवणीत सहसा तीन बाईट लागतात, म्हणजे गावाच्या नावाला अठरा बाईट. तेच नाव रोमन अक्षरांत लिहिले तर सातांत आटोपते. त्यातील ओकाराच्या मात्रेचा सोळाच्या पटीतला क्रमांक ०९४बी असा असून त्याच्या शेवटी आपले ते अकरा छटाकच उभे आहेत, हे मी मुनिमांना मुद्दाम सांगितले. त्यांनी त्यावर, गावाचे नाव रोमनपेक्षा अकरा बाईटांनी महाग पडते त्याची भरपाई कोण देणार, एवढेच विचारले.

तात्पर्य, ज्या पिढीला संगणकाचे शिक्षण देण्यासाठी हल्ली शिबिरे भरवतात तिचे अर्धे शिक्षण शाळेतच झालेले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि जिच्या धाकाने कित्येकांनी शाळा सोडली ती साडेतिनांची औटकी, हे पाढे म्हणजे अर्धे करण्याची आणि दुप्पट करण्याची कसरतच होती. रुपयाचे पैसे चौसष्ट, हा आकडा संगणकाला जन्मभर प्रिय. पैशाच्या पुन्हा तीन पया करून कोणी तरी या सुंदर रचनेत खडा टाकला आणि चाळीस शेरांचा मण करून दुसरा टाकला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तेवढे दोष वगळता आमची जुनी कोष्टके यंत्राला तोंडपाठ झाली असती.

ज्या वर्षांत यंत्र आमच्या मापांकडे वळत होते त्याच वर्षांत आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवत होतो, हा योगायोग कोणत्याही प्रहसनकाराला सुचला नसता. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेला एनिअॅक हा प्रचंड संगणक दहाच्याच हिशेबाने मोजत असे. दहा-दहा अंकांच्या वीस संख्या एवढीच त्याची चालती स्मृती, आणि त्यातील प्रत्येक अंकासाठी शून्य ते नऊ अशा दहा स्वतंत्र कळा मांडाव्या लागत. हा डामडौल परवडणारा नव्हता. एखाद्या तारेत वीज आहे की नाही हे ओळखणे सोपे, पण ती दहांपैकी कितव्या पायरीवर आहे हे ओळखणे कठीण, हे ध्यानी येऊन पुढच्या यंत्रांनी दहाला सोडचिठ्ठी दिली आणि दोनाशी घरोबा केला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५६ साली दोनांत मोजणारे एक प्रायोगिक यंत्र चालू झाले, आणि १९५७ च्या एप्रिलच्या एक तारखेस, जी तारीख सरकारने कोणत्या विचाराने निवडली हे मुनीम अद्याप विचारीत असतात, भारत सरकारने सोळा आणे आणि चौसष्ट पैसे रद्द करून रुपयाचे शंभर नवे पैसे केले.

त्या बदलाच्या आठवणी मुनिमांना काल घडल्यासारख्या आहेत, कारण तेव्हा ते गादीवर नुकतेच उमेदवारीस लागले होते. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा नवे पैसे होत. पण पाव पैशाचे नाणे नसल्यामुळे सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे बसवून दिले होते. म्हणजे आण्याची वस्तू तीन वेळा घेणाऱ्याचे अठरा पैसे लागत आणि तीच एकदम घेणाऱ्याचे एकोणीस! घाऊक खरेदीला किरकोळीपेक्षा अधिक दर पडावा, असा अर्थशास्त्रातील अपूर्व प्रसंग त्या काळी जुन्या भावाच्या प्रत्येक दुकानात रोज घडण्याजोगा होता.

१९६० साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मास आले त्याच वर्षी, मुंबईच्या त्याच टाटा संस्थेत टिफ्रॅक हा पूर्ण आकाराचा संगणक कामाला लागला. लोहभस्माच्या बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवून त्याची स्मृती सिद्ध केली होती. प्रत्येक कडी डावीकडून चुंबकित आहे की उजवीकडून, एवढेच लक्षात ठेवी. चाळीस बिटांचा एक 'शब्द' आणि असे २०४८ शब्द. मण करताना चाळीसचा आकडा निवडणाऱ्यांवर मी वर जो दोष ठेवला तो मागे घ्यावा काय, असा प्रश्न येथे पडतो. बाईटांत मांडले तर ही स्मृती १०,२४० बाईट भरते, आणि मुनिमांच्या खिशातील पेनड्राइव्हात असे साडेबासष्ट लाख टिफ्रॅक मावतात. तरी त्या टिफ्रॅकवर देशातल्या शास्त्रज्ञांनी भौतिकशास्त्रातील किचकट गणिते सोडवली, आणि या पेनड्राइव्हात नवरीच्या मेंदीचे एकाच कोनातून घेतलेले शेकडो फोटो शिरणार आहेत.

स्मृती म्हणजे तरी काय, तर क्रमांक दिलेल्या असंख्य खणांची एक भिंत. मात्र या खणांना क्रमांक देताना शून्यापासून प्रारंभ करतात, पहिल्या खणाचा पत्ता शून्य. आमच्या ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या नोंदवहीत एखाद्याच्या वाड्याला शून्य क्रमांक दिला असता तर त्या गृहस्थाने मेहकरच्या तहसीलीपर्यंत अर्ज नेला असता. यातली हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह ही मंडळी वीज गेली तरी ठेव सांभाळतात. पण ज्या रॅममध्ये संगणक प्रत्यक्ष काम करतो तिचे विस्मरण अलौकिक आहे. तिच्या प्रत्येक बिटात विजेचा एक कण साठवलेला असतो, तो गळत असतो, आणि म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत यंत्राला साऱ्या खणांतले आकडे वाचून पुन्हा जसेच्या तसे लिहावे लागतात. आठ जीबीच्या रॅममध्ये असे ६८ अब्जांहून अधिक बिट, आणि प्रत्येकाची उजळणी सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. मुनिमांची पाऊणकी सात दशके एकदाही उजळणी न होता शाबूत आहे. डोणगावात लाईन जाण्याची वेळ निश्चित नसल्यामुळे रॅम येथे दिवसातून कितीदा जन्मांधळी होते हे दुकानातला तो मुलगा सांगू शकेल. मुनिमांना लाईन गेली काय आणि आली काय.

अशा चर्चेत कोणी तरी विद्वान 'हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते' असे म्हणायला उठतोच, आणि यावेळी तो सर्वस्वी चुकलेला नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरु या दोनच खुणांनी सारे वृत्तप्रकार ओळीने मांडण्याची, आणि नुसता अनुक्रमांक सांगितला असता वारंवार निम्मे करत जाऊन त्या क्रमांकाचे वृत्त शोधून काढण्याची रीत सांगितली आहे; तीन अक्षरांचे गण आठच का, या प्रश्नाचे उत्तरही तेच. पण पिंगलाला वृत्ते मोजायची होती, पेनड्राइव्ह विकायचे नव्हते, एवढा विवेक ठेवला तर त्याचा मान राखला जाईल.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती कळल्यावर मुनिमांचा संगणकाविषयीचा आदर एकाएकी वाढला. ज्या दशमान नाण्यांपायी सोळा आण्यांचा बळी गेला, त्यांतले दहा पैसे, म्हणजे रुपयाचा दहावा भाग, संगणकाला तंतोतंत लिहिताच येत नाही. निम्मे, त्याचे निम्मे, त्याचे निम्मे अशाच वजनांनी त्याला तोलायचे असल्यामुळे एक दशांशाला त्याची वजने कधीच पुरी पडत नाहीत. आपल्याला एक तृतीयांश लिहिताना तीनामागून तीन मांडावे लागतात तशी त्याची आकड्यांची रांग संपत नाही, आणि शेवटी तो कोठे तरी तोडून मोकळा होतो. म्हणून पुष्कळशा संगणकभाषांत शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची बेरीज केली तर शून्य दशांश तीनाच्या पुढे शून्यांची एक लांब शेपटी आणि तिच्या टोकाला एक चार असे उत्तर येते. बँकांची यंत्रे रक्कम अखंड पैशांत मोजून ही भानगड टाळतात. पण चार आणे, आठ आणे, बारा आणे, किंबहुना नुसता एक आणा सांगा. तो संगणक अचूक लिहितो, अचूक मिळवतो, अचूक वजा करतो. दुकानातल्या मुलाने हे प्रत्यक्ष करून दाखवले तेव्हा मुनीम चष्मा सावरून पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "बाप्पा! याले तर आपलाच हिशेब येते."

त्यानंतर गोष्ट निघाली ती आणेवारीची. सरकारी कागदात तिचे नाव पैसेवारी झाले तरी गावात ती अजून आणेवारीच आहे, आणि गावाच्या पिकाची पैसेवारी पन्नासाच्या खाली उतरली की दुष्काळी सवलतींची दारे किलकिली होतात. ही पन्नासची हद्द, म्हणजे जुने आठ आणे, संगणकाला बिनचूक लिहिता येते. त्याच्या खालचा आकडा मात्र नाही: डोणगावच्या शिवारातले सोयाबीन एकोणपन्नास पैशांवर आले आणि कोणी कारकुनाने ते रुपयाच्या भागात, शून्य दशांश चार नऊ असे यंत्रात भरले, तर यंत्राच्या पोटात ते एकोणपन्नासाहून कणभर उणेच नोंदले जाते. मुनिमांची आठ एकर सोयाबीन आहे. हा काटा तपासण्यासाठी निरीक्षकाला बोलावण्याचा त्यांचा विचार असल्याचे दिसले नाही.